जेसीबी हे एका माणसाचं नाव आहे: जो बॅमफर्ड यांची गोष्ट आणि मिनी एक्स्कॅव्हेटरचा तोल

गेल्या मे महिन्यात मी सुट्टी काढून गावी गेलो होतो. आमची शेती जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. मोसंबीच्या बागेतून नवीन पाईपलाईन टाकायची होती. दोन ओळींच्या मधून मोठं मशीन जाईना, म्हणून काकांनी मिनी एक्स्कॅव्हेटर बोलावला. आपल्याकडे त्याला मिनी पोकलेन किंवा नुसतं छोटा जेसीबी म्हणतात. ऑपरेटर चोविशीतला पोरगा, आधी पाच-सहा वर्षं मोठा जेसीबी चालवलेला, हात एकदम साफ.

बांधाजवळच्या उतारावर त्याने भरलेली बकेट उताराच्या बाजूला फिरवली आणि मशीनचा वरच्या बाजूचा ट्रॅक जमिनीवरून फूटभर उचलला गेला. त्याने लगेच बकेट खाली टेकवली म्हणून मशीन परत बसलं. दोन सेकंदांचा खेळ. काका म्हणाले, थोडक्यात वाचलास रे बाबा. पोरगा हसला, पण त्याचे हात थरथरत होते.

त्या रात्री मला एकच प्रश्न पडला. इतका अनुभवी पोरगा चुकला कसा? उत्तर शोधता शोधता मी जेसीबी हे नाव ज्यांचं आहे त्या माणसापर्यंत पोहोचलो. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. आणि शेवटी आपण त्या बांधावर परत येऊ.

जेसीबी म्हणजे नक्की काय?

२०१९ मध्ये जेसीबीच्या खुदाईचे मीम्स आले, तेव्हा सगळा देश त्या पिवळ्या मशीनवर हसत होता. पण जेसीबी हे मशीनच्या प्रकाराचं नाव नाही. ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. मशीनचं खरं नाव बॅकहो लोडर, म्हणजे पुढे माती भरायचा मोठा फावडा आणि मागे खोदणारा हात. आपण ज्याला पोकलेन म्हणतो तेही असंच, पोक्लेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आलेलं. आपल्याकडे कंपनीचं नावच वस्तूचं नाव होऊन बसतं, जसं वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो.

घरचा धंदा असूनही भाड्याचं गॅरेज

बॅमफर्ड यांचा जन्म २१ जून १९१६ रोजी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, अटॉक्सिटर या छोट्या गावात झाला. घराणं शेतीची अवजारं बनवणारं. त्यांच्या कुटुंबाचा कारखाना त्या भागात नावाजलेला होता, त्यामुळे जो मोठा होऊन काय करणार हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नसेल.

तरुणपणी त्यांनी कॉव्हेंट्रीच्या एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीत काम केलं, त्या कंपनीसाठी पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये राहिले आणि १९३८ मध्ये घरच्या धंद्यात परतले. मग दुसरं महायुद्ध आलं. ते हवाई दलात गेले, तिथे सामानाच्या पुरवठ्याचं काम पाहिलं. युद्ध संपत आलं तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिक वेल्डिंगच्या यंत्रांवर काम केलं. हे वेल्डिंगच पुढे त्यांच्या कामी आलं.

युद्धानंतर घरच्या कारखान्यात त्यांचं जमलं नाही. मोठ्या घराण्यातला मुलगा, पण घरच्या धंद्यात जागा नाही. २३ ऑक्टोबर १९४५ या दिवशी त्यांनी अटॉक्सिटरमध्येच १२ बाय १५ फुटांचं एक गॅरेज आठवड्याला ३० शिलिंग भाड्याने घेतलं. म्हणजे आपल्याकडच्या एका शटरच्या दुकानाएवढी जागा. त्याच दिवशी त्यांचा मोठा मुलगा अँथनी जन्माला आला. घरात बाळ, हातात एक जुनं वेल्डिंग मशीन आणि समोर रिकामं गॅरेज.

पहिला माल: भंगारातून ट्रॉली

युद्ध संपल्यामुळे लष्कराचं भंगार स्वस्तात मिळत होतं. बॅमफर्ड यांनी त्यातले जीपचे ॲक्सल आणि लोखंड वापरून शेतकऱ्यांसाठी मागे कलणारी ट्रॉली बनवली. बाजाराच्या दिवशी ती ४५ पौंडांना विकली गेली आणि वर गिऱ्हाइकाची जुनी गाडी बदल्यात मिळाली. ती जुनी गाडी दुरुस्त करून त्यांनी तीसुद्धा ४५ पौंडांना विकली! जालन्याच्या भंगार बाजारात हिंडलेल्या माणसाला हा हिशोब समजावून सांगायची गरज नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. ट्रॉली कलवणं म्हणजे वजन एका बिजागरीभोवती फिरवणं. माल मागे सरकतो, वजनाचा मध्य बदलतो, आणि जमीन वाकडी असेल तर उचललेली ट्रॉली आडवी होते. उसाची किंवा मुरमाची ट्रॉली उलटताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे माहीत आहे. म्हणजे वजन कुठे आहे आणि टेकू कुठे आहे, हा प्रश्न या धंद्यात पहिल्या मालापासूनच होता.

१९४८ मध्ये कंपनीत सहा माणसं होती. त्या वर्षी त्यांनी हायड्रॉलिकवर कलणारी ट्रॉली आणली. हायड्रॉलिक म्हणजे काय? पंप तेलाला दाब देतो, ते तेल सिलिंडरमधल्या दट्ट्याला ढकलतं आणि दट्टा वजन उचलतो. छोट्या जागेतून प्रचंड ताकद मिळते. १९४९ मध्ये ट्रॅक्टरच्या पुढे बसणारा लोडर आला. १९५० मध्ये कंपनी जवळच्या रॉसेस्टर गावातल्या एका जुन्या चीज कारखान्यात गेली. कंपनीचं मुख्यालय आजही त्याच गावात आहे. पुढच्याच वर्षी मशीनला तो ओळखीचा पिवळा रंग मिळाला.

१९५३: एका मशीनला दोन टोकं

नॉर्वेच्या एका फेरीत बॅमफर्ड यांनी ट्रॅक्टरच्या मागे लावलेला खोदणारा हात पाहिला. अमेरिकेतही असे हात १९४०च्या दशकाच्या शेवटी विकले जाऊ लागले होते. म्हणजे मागचा हात हा काही त्यांचा शोध नव्हता. पण आपल्याकडे पुढचा लोडर आहे, मागचा हात बसवता येईल, मग दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर का नकोत, हे त्यांनी ओळखलं. १९५३ मध्ये त्यांचं पहिलं असं मशीन आलं आणि त्याच वर्षी जेसीबी ही तीन अक्षरं मशीनवर दिसू लागली.

आता या मशीनची खरी करामत बघा. ट्रॅक्टर रबरी चाकांवर उभा असतो. मागे लांब हात लावून माती ओढायला लागलात तर ट्रॅक्टर हातामागे ओढला जाईल, टायरवर डोलेल, बाजूला खोदलं तर कलेल. म्हणून खोदण्याआधी दोन गोष्टी करायच्या असतात. मागचे दोन लोखंडी पाय बाजूला पसरून जमिनीत रोवायचे. आपले ऑपरेटर त्यांना जॅक म्हणतात. आणि पुढची बकेट जमिनीवर दाबायची. टायरवरचा भार निघून जातो, आणि जे मशीन चार हवा भरलेल्या चाकांवर डोलत होतं ते रुंद, कडक टेकूंवर बसतं.

आधी पाय, मग हात. जेसीबीवर हात शिकलेल्या प्रत्येक ऑपरेटरच्या अंगात हा क्रम मुरलेला असतो. जॅक लावल्याशिवाय तो खोदतच नाही. लक्षात ठेवा, आपल्या बांधावरच्या पोराची चूक इथेच दडली आहे.

किटली, बोनस आणि नाचणारी मशीन्स

१९५७ मध्ये हायड्रा-डिग्गा आलं आणि १९६३ मध्ये थ्री-सी हे मॉडेल. थ्री-सी इतकं गाजलं की आजच्या बॅकहोची ठेवण त्याच्यावरूनच ओळखता येते.

बॅमफर्ड यांना विकायची कलाही चांगली जमायची. त्यांनी केबिनमध्ये किटली लावायची सोय दिली आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना ते स्वतः किटली द्यायला जायचे. थंडीपावसात दिवसभर बसणाऱ्या ऑपरेटरला चहा लागतो, हे विकत घेणाऱ्या मालकाच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. कर्ज काढून धंदा वाढवणं त्यांना पसंत नव्हतं. १९६४ मध्ये त्यांनी शेतातल्या ट्रॉलीवर उभं राहून कामगारांना एकूण अडीच लाख पौंडांचा बोनस स्वतःच्या हाताने वाटला. पहिला माल ट्रॉलीच होता, त्यामुळे जागा शोभणारीच निवडली म्हणायची.

कंपनीचे एक प्रात्यक्षिक जगभर गाजलं: नाचणारे जेसीबी. मशीन्स रांगेत उभी राहतात, पुढची बकेट आणि मागचा हात जमिनीला रेटून अख्खं मशीन हवेत उचलतात. जत्रेत मजा वाटते. (घरी करून बघू नका!) पण त्यातून एक गंभीर गोष्ट कळते. हायड्रॉलिकची ताकद मशीनच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त असू शकते. म्हणजे बकेट मुरमात किंवा दगडात अडकली आणि तुम्ही लिव्हर ओढतच राहिलात, तर दगड हलण्याआधी मशीन उचललं जाईल. लिव्हरला हे कळत नाही. ते ऑपरेटरला कळावं लागतं.

१९७५ मध्ये बॅमफर्ड यांनी कंपनी मुलाकडे, अँथनी यांच्याकडे सोपवली आणि ते स्वित्झर्लंडला राहायला गेले. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र उत्पादकांच्या संघटनेने त्यांना आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतलं. १ मार्च २००१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी ते वारले.

भारतात जेसीबी आली ती ते निवृत्त झाल्यावर, १९७९ मध्ये, हरियाणातल्या बल्लभगडला एस्कॉर्ट्सबरोबर. २००३ मध्ये ती पूर्णपणे जेसीबीची झाली. पुढे आपल्या पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना निघाला. मराठवाड्यात विहिरी, नालाबांध, शेततळी, पाईपलाईन, लग्नाच्या मांडवाची जागा सपाट करणं, सगळीकडे ही तीन अक्षरं पोहोचली. आमच्या जिल्ह्यातलं कडवंची गाव शेततळ्यांसाठी आणि द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. पाणी धरून ठेवायचं म्हटलं की आधी माती हलवावी लागते, आणि माती हलवायची म्हटलं की मशीन आलं.

मिनीला पाय नाहीत

आता मिनीकडे येऊ. छोटे एक्स्कॅव्हेटर १९७०च्या दशकात जपानमध्ये वाढले, कारण तिथल्या गल्ल्या अरुंद. हे मशीन ट्रॅकवर चालतं, वरचा भाग पूर्ण गोल फिरतो, आणि मोसंबीच्या ओळीत ते आरामात शिरतं. पण जेसीबीसारखे पसरणारे जॅक त्याला नसतात. त्याचे पाय म्हणजे दोन ट्रॅक आणि एका टोकाचं ब्लेड.

ट्रॅक लांबीला जास्त आणि रुंदीला कमी असतात. म्हणून मिनी ट्रॅकच्या दिशेत पक्का असतो आणि आडव्या दिशेत कच्चा. साधं उदाहरण घेऊ. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, तुमच्या मशीनचे वेगळे असतील.

समजा बूम-आर्म-बकेट सोडून मशीनचं वजन २,९०० किलो आहे, आणि त्या वजनाचा मध्य मशीनच्या मधोमध आहे. बूम-आर्म-बकेटचं वजन ६०० किलो, मध्यापासून १.८ मीटर पुढे. बकेटमधली ओली माती २०० किलो, मध्यापासून ४.५ मीटर पुढे. मशीन उलटताना ज्या कडेवर फिरेल ती कड ट्रॅकच्या दिशेत मध्यापासून ०.९ मीटरवर आणि आडव्या दिशेत ०.७ मीटरवर.

- ट्रॅकच्या दिशेत, सपाट जमिनीवर: सावरणारा जोर २,९०० × ०.९ = २,६१०. उलटवणारा जोर ६०० × ०.९ + २०० × ३.६ = १,२६०. निम्म्याहून कमी. निवांत.
- आडव्या दिशेत, सपाट जमिनीवर: सावरणारा २,९०० × ०.७ = २,०३०. उलटवणारा ६०० × १.१ + २०० × ३.८ = १,४२०. चालतंय, पण शिल्लक कमी.
- आडव्या दिशेत, १० अंश उतारावर, बकेट उताराच्या बाजूला: वजनाचा मध्य जमिनीपासून ०.८ मीटर उंच धरला तर तो उताराकडे १४ सेंटिमीटर सरकतो. सावरणारा जोर २,९०० × ०.५६ = सुमारे १,६२०. बूम आणि बकेटही बाहेर सरकतात, उलटवणारा जोर जातो १,६१० च्या आसपास.

बघा, शिल्लक काहीच नाही. १० अंश म्हणजे साधारण पावणेसहा मीटर चाललात की एक मीटर उतार. आपल्या बांधाजवळ एवढा उतार सहज असतो, डोळ्याला तो जाणवतही नाही. त्यात झटक्याने फिरवलं किंवा खालची माती दबली की ट्रॅक उचललाच.

आमच्या पोराने नेमकं हेच केलं होतं. जेसीबीवर जॅक लावले की बाजूला हात टाकणं रोजचं काम. मिनीवर तोच हात तसाच टाकला, फक्त खाली पाय नव्हते.

मग मिनी चालवायचा कसा?

१. आधी बसायची जागा सपाट करा. उतारावर काम असेल तर बकेटने आधी ओटा कापा, त्यावर मशीन उभं करा. दहा मिनिटं जातात, पण पुढचा सगळा दिवस सुरक्षित.

२. ट्रॅक चराच्या रेषेत ठेवा. मागे सरकत खोदा. बाजूला बकेट टाकायचीच असेल तर आर्म आत ओढून, बकेट खाली ठेवून, हळू फिरवा. उतारावर माती वरच्या बाजूला टाका.

३. ब्लेड खाली दाबा. मशीनसोबत येणाऱ्या वजनाच्या तक्त्यात ब्लेड वर, ब्लेड खाली आणि आडवं असे वेगवेगळे आकडे असतात. ते वाचले की ब्लेडची किंमत कळते.

४. पातळ थर काढा. बकेटचे दात मातीत तिरके घुसवा, आर्मने ओढा, बूमने खोली सांभाळा, शेवटी बकेट वळवून भरा. तिन्ही हालचाली मिसळल्या की कमी जोरात बकेट भरते. बकेट अडकली तर मशीन मागे रेटून किंवा बाजूला फिरवून माती तोडू नका. दात काढा, कमी खोल परत घाला.

५. काळ्या मातीवर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाऊस पडला की तीच साबण होते. चराची कड भेगेवर असेल तर ती मशीनसकट खाली जाते. ट्रॅकच्या खालून माती पोखरू नका. काढलेली माती कडेपासून दूर टाका. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय आत माणूस उतरवू नका.

६. चालताना बकेट खाली. जमिनीपासून गुडघ्याएवढी. मशीन कलायला लागलं तर बकेट टेकवा, जशी त्या पोराने टेकवली.

७. बेल्ट लावा. मशीन खरंच उलटलं तर उडी मारणारा माणूस त्याच्याखाली सापडतो. बेल्ट लावून पिंजऱ्याच्या आत बसलेला वाचण्याची शक्यता जास्त असते.

परत बांधावर

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी हेच तीन हिशोब खताच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहून त्या पोराला दाखवले. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, भाऊ, जेसीबीवर जॅक लावायला शिकवलं, पण मिनीवर बसवताना फक्त चावी दिली. मालकाने सांगितलं, एकच तर आहे, लिव्हर तेवढे वेगळे. त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक ऑपरेटर असेच तयार होतात, बघून बघून, आणि बघून फक्त हात शिकता येतो.

त्याने त्या दिवशी आधी ओटा कापला, ट्रॅक चराच्या रेषेत घेतले, ब्लेड दाबलं. काम तासाच्या भाड्यावर होतं आणि दोन तास जास्त लागले. काका घड्याळ बघत होते. मला वाटलं आता कुरकुर होणार. संध्याकाळी त्यांनी पैसे मोजून दिले, दोन तासांचे जास्तीचेही, आणि जेवून जा म्हणाले.

तुमच्या घरातलं कुणी मशीन चालवत असेल, किंवा तुमच्या शेतात मशीन येणार असेल, तर हा लेख त्यांना नक्की वाचून दाखवा. आणि ऑपरेटर दादा ओटा कापत असेल तेव्हा तासाचा हिशोब काढून त्याला घाई करू नका.